दोन तोंडांची झडप

"मॅडम, ती शेवटची ओळ काढून टाका."

डायरेक्टर साहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावरून माझ्याकडे सरकवला. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'सध्या ऑपरेशनची गरज नाही. दर दोन वर्षांनी इको करावा.'

"का काढायची?" मी विचारलं.

"ऑपरेशन करायचं की नाही ते सर्जन ठरवतील. तुमचं काम फोटो काढायचं."

"मी फोटोग्राफर नाही. मी कार्डिओलॉजिस्ट आहे."

"तेच हो. चिडता काय? मुंबईचे सर्जन शनिवारी येतायत. त्यांनी केस बघायच्या आधीच तुम्ही निकाल देऊन मोकळ्या झालात."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नाशकात हृदयाची ऑपरेशनं व्हायला नुकतीच सुरुवात झाली होती. मुंबई-आग्रा रोडवरच्या त्या हॉस्पिटलने नवं कोरं ऑपरेशन थिएटर बांधलं होतं. उद्घाटनाला मंत्री येऊन गेले होते. थिएटर चकचकीत होतं आणि बहुतेक दिवस रिकामं होतं. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस टू-डी इको करायला जायची. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेल लावून प्रोब फिरवायचा, पडद्यावर हृदय चालताना दिसतं. कलर डॉपलर लावला की रक्त कुठून कुठे जातंय तेही रंगात दिसतं.

तो रिपोर्ट वैशालीचा होता. निफाडजवळच्या एका गावातली मुलगी. वय एकवीस, बी.ए. झालेली, लग्न ठरलेलं. तिला टायफॉइड झाला. गावच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर ठोक्यांमध्ये बारीकसा फूत्कार ऐकू आला. याला आम्ही मर्मर म्हणतो. नुसत्या तापातही असा आवाज येऊ शकतो. तरी त्यांनी तिला इकोला पाठवलं. त्यांचं काहीच चुकलं नाही. या सगळ्या प्रकरणात ज्यांच्यावर माझा राग नाही अशी माणसं थोडी आहेत. त्यातले ते एक.

वैशाली आईबरोबर आली होती. टेबलावर झोपवल्यावर मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"दम लागतो का?"

"नाय."

"छातीत धडधड?"

"नाय. आता ताप आल्ता तेव्हा थोडी झाली."

"घरी काय काम करतेस?"

"द्राक्षाचा सीझन असला की क्रेट उचलते. माझ्या भावापेक्षा जास्त उचलते," ती म्हणाली. आई म्हणाली, "गप गं." मुलीने जास्त क्रेट उचलणं हे आईला सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

मी प्रोब ठेवला. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात, वरचा आणि खालचा. त्यांच्यामध्ये जी झडप असते तिला मायट्रल म्हणतात. वरच्या कप्प्यातून रक्त खाली जाताना ती उघडते आणि नंतर घट्ट मिटते. आडव्या छेदात पाहिलं तर उघडलेली मायट्रल माशाच्या तोंडासारखी दिसते. एक तोंड, दोन ओठ.

वैशालीच्या झडपेला दोन तोंडं होती.

शेजारी शेजारी, चष्म्याच्या दोन काचांसारखी. मधे मांसाचा एक अरुंद पूल. दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडत होती, एकाच वेळी मिटत होती. आईच्या पोटात झडप तयार होताना असं क्वचित कधीतरी होतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, माझ्या सरांनी मुंबईत एकदा दाखवलं होतं. माझ्या स्वतःच्या पेशंटमध्ये पहिल्यांदाच पाहत होते.

अशी झडप दिसली की लगेच बाकीचं हृदय तपासायचं असतं, कारण ती बरेचदा एकटी येत नाही. कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असू शकतं. शरीरभर रक्त नेणारी महाधमनी अरुंद असू शकते. मी सगळं पाहिलं. पडदे शाबूत होते. हातापायांचं बीपी मोजलं, जांघेतली नाडी पाहिली. महाधमनी ठीक होती. कप्पे नेहमीच्याच आकाराचे होते. झडपेतून रक्त मागे गळत होतं ते एवढंसं, की असं गळणं धडधाकट माणसांतही दिसतं. रक्ताला खाली जायला अडथळा काहीच नव्हता. ताप उतरल्यावर मी तिला ट्रेडमिलवर चालवलं. मशीन वेग वाढवत गेलं आणि ती चालत गेली. शेवटी आमच्या टेक्निशियनने मशीन थांबवलं.

थोडक्यात, झडप वेगळी होती. आजारी नव्हती.

तरी खात्री करावी म्हणून मी व्हिडिओ कॅसेट मुंबईला माझ्या सरांकडे पाठवली. त्यांचा फोन आला. "अगं, सुंदर झडप आहे. हात लावू देऊ नकोस कुणाला. तो मधला पूल कापायला गेलं ना, तर झडपेचं वाटोळं होतं. घरी पाठव तिला."

मी ते सगळं रिपोर्टात लिहिलं. आणि आता डायरेक्टर साहेब म्हणत होते, शेवटची ओळ काढा.

"सर, आज ती मुलगी क्रेट उचलते," मी म्हणाले. "तिला ऑपरेशन कशासाठी?"

"आज नाही तर उद्या लीक वाढणारच."

"कशावरून?"

"जन्मजात दोष आहे."

"माझ्या भावाला डाव्या हाताला सहावं बोट आहे. तेही जन्मजात. तो त्याच हाताने बोलिंग टाकतो."

ते हसले नाहीत. "युनिट चालवायला केसेस लागतात, मॅडम. तुम्हाला आठवड्यातून तीन दिवस इथे बोलावतो ते कशाच्या जोरावर?"

मी ओळ काढली नाही. रिपोर्ट उचलला, एक प्रत फाइलला लावली आणि मूळ रिपोर्ट तसाच वैशालीच्या वडिलांच्या हातात दिला. मला वाटलं, विषय संपला.

शनिवारी सर्जन आले. सोमवारी मी कामावर गेले तर वॉर्डच्या फळ्यावर वैशालीचं नाव. गुरुवारी ऑपरेशन. मायट्रल झडप, शक्य झालं तर दुरुस्ती, नाहीतर बदली.

मी रेकॉर्ड रूममधून फाइल मागवली. माझा रिपोर्ट त्यात नव्हता. रविवारी दुसऱ्या डॉक्टरकडून नवा इको करून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, 'मध्यम ते तीव्र गळती.' सोबत रंगीत प्रिंट होती. ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

हे जरा समजावून सांगते. इको मशीनला कलर गेन नावाचं बटण असतं. ते वाढवत नेलं की रंग जास्त उमटतो. रेडिओचा आवाज मोठा केला म्हणून गाणारा मोठ्याने गात नाही, तसंच हे. बटण फिरवून गळती वाढत नाही, फक्त चित्र भरतं. त्या प्रिंटवर गेन इतका चढवला होता की जिथे रक्त नव्हतंच, तिथेही निळे-लाल ठिपके सांडले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. म्हणजे ही नजरचूक नव्हती.

मी तशीच डायरेक्टरच्या केबिनमध्ये गेले. ऑपरेशनसाठी नाशकातच थांबलेले सर्जन तिथे चहा पीत बसले होते.

"हा इको खोटा आहे," मी म्हणाले.

"शब्द जपून वापरा," डायरेक्टर म्हणाले.

"जपूनच वापरला. मघाशी मनात दुसरा आला होता."

सर्जन शांत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, अशी झडप आयुष्यात एकदा बघायला मिळते. लिटरेचरमध्ये केसेस किती थोड्या आहेत तुम्हाला ठाऊक आहे. फोटो, व्हिडिओ, सगळं नीट डॉक्युमेंट करू. रिसर्च पेपरवर तुमचंही नाव घालतो."

त्यांना ती झडप बघायची होती. छाती उघडून, हृदय थांबवून, ट्रेमध्ये काढून बघायची होती. आणि ते मला अशा सुरात सांगत होते, जणू मला काही देऊ करत होते.

"तिच्या घरच्यांनी परवानगी दिलीय," डायरेक्टर म्हणाले. "घाई त्यांनाच आहे. विचारा जाऊन."

मी विचारायला गेले. समुपदेशनाची एक खोली होती, तिथे दोन्हीकडची मंडळी बसली होती. वैशालीचे वडील नामदेवराव, आणि मुलाकडून भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे तिचे होणारे सासरे. मनमाडला त्यांचं सिमेंटचं दुकान होतं, मुलगा संदीप रेल्वेत लागलेला. संदीपही कोपऱ्यात बसला होता. वैशाली खोलीत नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

"मॅडम, आपली सीधी बात," भाऊसाहेब म्हणाले. "पोरीच्या हार्टात डिफेक्ट निघाला. आम्ही काय लग्न मोडलं नाय. आम्ही म्हणलो, करा रिपेअर आणि द्या. नंतर आमच्या गळ्यात नको."

"रिपेअर करण्यासारखं काही नाही. ती ठणठणीत आहे."

"मग ते बोंबेवाले डॉक्टर येडे आहेत का?"

माझा तोल गेला. "भाऊसाहेब, तुम्ही माझ्या इकोच्या टेबलावर झोपा. तुमचा इको काढते. मग तुमच्या चिरंजीवांचा. मुलगी द्यायच्या आधी नामदेवरावांनाही बघू दे, तुमच्या घरात कुणाकुणाच्या हृदयात काय आहे."

ते लाल झाले. दोन जिने चढून आले होते आणि अजून धापा टाकत होते. तपासणीची गरज त्या खोलीत कुणाला होती ते मला दिसत होतं.

"नामदेवराव," ते उठून म्हणाले, "तुम्ही ठरवा. आम्ही खाली बसतो."

संदीप मात्र दारात रेंगाळला. हळूच म्हणाला, "मॅडम, खरंच तिला काय नाय?"

"खरंच काही नाही."

"मग ऑपरेशन कशाला?"

"हे वडिलांना विचार ना."

त्याने मान खाली घातली. "त्यांच्यापुढं बोलता येत नाय," म्हणाला आणि निघून गेला. सरकारी नोकरीतला, मिशी राखलेला तरुण. होणाऱ्या बायकोची छाती चिरली जाणार होती आणि याला बोलता येत नव्हतं.

नामदेवराव माझ्यावर उखडले. "मॅडम, तुम्ही माझ्या पोरीचं लग्न मोडायला निघाल्या का? लय मोठं घर हाय ते. साहेब म्हणले, आठ दिवसांत पोरगी घरी. मग नवी झडप, कायमची मजबूत. तुम्हाला काय त्रास हाय?"

"नवी झडप म्हणजे काय ते सांगितलं का साहेबांनी?"

"म्हणजे? नवी म्हणजे नवी."

तेव्हा मला कळलं की यांना कुणी काहीच सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "वैशालीसमोर सांगते. चला."

दुपारची वेळ होती. वॉर्डात वैशाली कॉटवर मांडी घालून बसली होती. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन अंगात, मनगटाला नावाची पट्टी. आई शेजारी स्टुलावर. मी सगळ्यांसमोर सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

छातीचं हाड मधोमध कापतात. हृदय थांबवतात. दुरुस्ती जमली नाही तर झडप काढून धातूची बसवतात. ती चांगली असते, ज्याची स्वतःची झडप निकामी झालीय त्याचा जीव वाचवते. पण धातूवर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज, जन्मभर. त्यासाठी वरचेवर रक्त तपासायचं. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर झडपेवर गुठळी. आणि दिवस गेले तर मोठा पेच. ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. बंद करावी तर आईच्या जिवाला धोका.

"सुरुवातीपासून आजारी असलेल्या बाईने हे सगळं सोसायचं असतं, कारण दुसरा इलाज नसतो," मी म्हणाले. "तू आजारी नाहीस. ऑपरेशन झाल्यावर होशील."

 मग आई नवऱ्याकडे वळली. तोवर मी तिचा आवाज फारसा ऐकलाच नव्हता. "पोर होणार नाय असं असतं यात?" तिने विचारलं. "आणि हे ठावं नसताना तुम्ही सही करून आले?"

"सही?" वैशाली म्हणाली. "कसली सही?"

सिस्टरने संमतीचा कागद आणला. खाली नामदेवरावांची सही होती.

वैशालीने मला विचारलं, "मॅडम, हे माझ्या ऑपरेशनचं हाय. सही कुणाची लागते?"

"तुझी."

"नुसती माझी?"

"तू सज्ञान आहेस. नुसती तुझी."

"मग मी नाय करत."

नामदेवराव ओरडले. पोरगी वेडी झालीय, भाऊसाहेबांना काय तोंड दाखवू, गावात काय सांगू. वॉर्डातले बाकीचे पेशंट उठून बसले. वैशाली रडत होती, पण तेच तेच म्हणत राहिली, "मी नाय करत." आईने स्टुलाखालची पिशवी काढली, तिचा पंजाबी ड्रेस बाहेर काढला आणि कॉटभोवतीचा पडदा ओढून घेतला.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. भाऊसाहेबांनी त्याच संध्याकाळी लग्न मोडलं. डायरेक्टरांनी मला 'उद्यापासून त्रास घेऊ नका' म्हणून सांगितलं. मी मेडिकल कौन्सिलकडे त्या इकोची तक्रार केली. चौकशी लागली, तारखा पडल्या, 'मतभिन्नता' असा शेरा मारून फाइल बंद झाली. गेनचं बटण फिरवणं ही मतभिन्नता! सर्जन जाताना जिन्यात भेटले होते. "माझा पेपर घालवलात, मॅडम," म्हणाले. नंतर काही वर्षांनी एका परिषदेत त्यांनी तो पेपर वाचलाच. पडद्यावर स्टीलच्या ट्रेमध्ये दोन तोंडांची झडप. दुसऱ्या कुणाची तरी. मी उभी राहिले आणि विचारलं, "ऑपरेशनच्या आधी गळती किती होती? पेशंटला काय त्रास होता?" अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली आहे, चहाला चला. ती झडप कुणाची होती, ते माणूस पुढे कसं आहे, मला आजही माहीत नाही. मी चहाला गेले नाही, उत्तरासाठी तिथेच उभी राहिले. पण उत्तरही मिळालं नाही.

वैशालीला सोपं गेलं नाही. गावात 'हार्टवाली पोर' असं नाव पडलं. धाकट्या बहिणीचं लग्न आधी झालं. वडील तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. जेवायला वाढलं तरी ताटाकडे बघून जेवायचे. ती बी.एड. झाली, पिंपळगावला शाळेत लागली. सुट्टीत क्रेट उचलतच होती. दर दोन वर्षांनी न चुकता माझ्या दवाखान्यात यायची. इको दर वेळी तसाच.

दोन हजार सालानंतर कधीतरी ती एका माणसाला घेऊन आली. ओझरला कारखान्यात फिटर, किडकिडीत, हसरा. "मॅडम, यांना दाखवा," ती म्हणाली. "लग्नाआधी यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं."

मी मशीन लावलं. पडद्यावर दोन गोल उघडत होते, मिटत होते. तो वाकून बघत राहिला.

"दोन्ही चालू आहेत ना?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"मग काय प्रॉब्लेम आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी बरोबर विचारला होता.

तिला दिवस गेले तेव्हा परत तेच. दोन नर्सिंग होमनी 'झडपेचा जन्मजात दोष' हे शब्द वाचून तिला दारातूनच परत पाठवलं. तिसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी मला फोन केला. "सिझेरियन करून मोकळं होऊ का? हार्ट पेशंट आहे, रिस्क नको."

"ती हार्ट पेशंट नाही," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "तिच्या हृदयाचं मी बघते. तुम्ही बाळाचं बघा. हृदयासाठी म्हणून पोट कापायचं नाही."

बाई समजूतदार होत्या. बाळंतपण नॉर्मल झालं. मुलगी झाली. मी त्या मुलीचाही इको केला. तिची झडप एका तोंडाची, चारचौघांसारखी. नातीला न्यायला नामदेवराव आले होते.  द्राक्षाची पेटी टेबलाखाली सरकवून गेले.

वैशालीची झडप पुढे कधी गळणारच नाही, असं मी कधी म्हटलेलं नाही. पन्नाशीत, साठीत गळू शकते. तेव्हा बघू. तेव्हा लागलंच तर ऑपरेशनही करू आणि मी स्वतः तिला टेबलापर्यंत घेऊन जाईन. पण उद्या कदाचित दात किडेल म्हणून आज बत्तीशी उपटत नाहीत.

या धंद्यात मी एवढं शिकले. ऑपरेशन करा म्हणणाऱ्या डॉक्टरकडे कुणी पुरावा मागत नाही. नको म्हणणाऱ्याकडे सगळे मागतात. पेशंट मागतो, नातेवाईक मागतात, हॉस्पिटल मागतं. मागू दे. आपण पुरावा तयार ठेवायचा. आणि लागला तर आवाजही.